सूक्ष्म हालचालीसाठी भरवशाचा सर्व्हो ड्राइव्ह कसा निवडावा?

काटकोन

एका आडव्या अक्षासाठी सर्व्हो (मोटर आणि तिला चालवणारा ड्राइव्ह) निवडायचा आहे. टेबल आणि जॉब मिळून २०० किलो. बॉलस्क्रू ३२ मिमी व्यासाचा, १ मीटर लांब, पिच १० मिमी (एका फेरीत टेबल १० मिमी सरकतं), मोटर थेट कपलिंगने जोडलेली. एका खेपेत १५० मिमी जायचं: ०.१ सेकंदात ३० मीटर प्रति मिनिट वेग गाठायचा, ०.२ सेकंद त्याच वेगाने धाव, ०.१ सेकंदात थांबायचं, मग ०.४ सेकंद थांबा. हे चक्र दिवसभर चालणार. पुन्हा त्याच जागी येताना ५ मायक्रॉनच्या आत हवं.

समोर दोन संच आहेत. एक ७५० वॅट, ३००० आरपीएम, कमी इनर्शियाची (वेग बदलायला कमी विरोध करणारी) मोटर, १७ बिट एनकोडर (मोटरची फेरी मोजणारा सेन्सर). दुसरा १ किलोवॅट, २००० आरपीएम (कमाल ३०००), मध्यम इनर्शिया, २३ बिट एनकोडर. यातला कोणता घ्यावा? आणि ड्राइव्ह 'भरवशाचा' आहे हे विकत घेण्याआधी कशावरून ओळखायचं?

लोलक

माहिती नेमकी दिलीत हे फार बरं झालं. बहुतेक धाग्यांत थेट "कोणती कंपनी चांगली" असंच विचारतात. आधी आकडे मांडू.

टेबलाची इनर्शिया मोटरच्या दांड्यावर आणली की ५.१ किलो-सेमी वर्ग. स्क्रूची स्वतःची ८.१. म्हणजे २०० किलोच्या टेबलापेक्षा स्क्रूच जड! व्यासाचा चौथा घात लागतो, म्हणून स्क्रू "जरा जाडच घेऊ" म्हणणं महागात पडतं. कपलिंगचे १ धरा. एकूण साधारण १४.

७५० वॅटच्या कमी इनर्शियाच्या मोटरचा रोटर १ किलो-सेमी वर्गाच्या आसपास असतो, तेव्हा भार आणि रोटर यांच्या इनर्शियाचं गुणोत्तर झालं १४ ला १. १ किलोवॅटच्या मध्यम इनर्शियाच्या मोटरचा ६ धरला तर २.४ ला १. माझं मत दुसऱ्या संचाला.

तिरपी_रेघ

गुणोत्तराचा बाऊ नको. नव्या ड्राइव्हना १४ ला १ पेलतं. कपलिंग आणि स्क्रू ताठ असतील तर चालतं, लवचीक असतील तर ५ ला १ लाही मशीन गुणगुणतं. गुणोत्तराचा नियम मुळात ताठपणाचा अंदाज म्हणून वापरतात. स्पायडरचं जॉ कपलिंग काढून डिस्क किंवा बेलोज कपलिंग लावा, बराच फरक तिथेच पडेल.

लोलक

@तिरपी_रेघ, ताठपणाचं मान्य. पण ७५० वॅट इथे टॉर्कवर अडते, गुणोत्तरावर नाही.

त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे स्क्रूचं कोनीय त्वरण ३१४० रेडियन प्रति सेकंद वर्ग. टेबल ओढायला १.८ न्यूटन मीटर (कार्यक्षमता ०.९ धरून), स्क्रू फिरवायला २.५, कपलिंगला ०.३, आणि मोटरच्या स्वतःच्या रोटरला ७५० वॅटमध्ये ०.३ तर १ किलोवॅटमध्ये १.९. घर्षणाचे ०.५ धरा.

७५० वॅट: लागणारा पीक साधारण ५.५, मोटर देते ७.२ (रेटेड २.३९ च्या तिप्पट). इथपर्यंत पास. आता पूर्ण ०.८ सेकंदाच्या चक्राचा आरएमएस (टॉर्कच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढा: २.५ न्यूटन मीटर. रेटेड २.३९. नापास. मशीन सुरू होईल, चाचणीत झकास पळेल, आणि मग काही वेळाने ओव्हरलोडचा अलार्म देत बसेल. मग लोक गेन (ड्राइव्ह चूक किती जोरात दुरुस्त करतो तो आकडा) कमी करतात, ड्राइव्हला दोष देतात.

१ किलोवॅट: पीक ७, आरएमएस ३.३, रेटेड ४.७७. सुमारे ७० टक्के भार. दिवसभराच्या कामाला असं अंतर हवंच.

परिघ

+१. आरएमएस न काढता घेतलेला सर्व्हो पहिल्या उन्हाळ्यात बोलायला लागतो.

दर्शिका

थांबा, एक गोष्ट सुटली. १० मिमी पिचवर ३० मीटर प्रति मिनिट म्हणजे ३००० आरपीएम. १ किलोवॅटच्या मोटरचा रेटेड वेग २०००. त्यापुढे तिचा सलग टॉर्क उतरतो आणि पीकची रेघही खाली वळते, कारण बॅक ईएमएफ (फिरणाऱ्या मोटरने उलट तयार केलेलं व्होल्टेज) वाढून ड्राइव्हकडे करंट ढकलायला व्होल्टेज उरत नाही. त्वरणाचा शेवटचा तिसरा हिस्सा नेमका त्याच पट्ट्यात आहे. माहितीपत्रकातला एकच 'कमाल टॉर्क' आकडा बघू नका, वेग-टॉर्कचा पूर्ण आलेख मागा. तो कोणत्या इनपुट व्होल्टेजला काढलाय तेही बघा. सप्लाय १० टक्के खाली गेला की वळण आणखी अलीकडे येतं.

ज्या संचाचा हा आलेख मिळतच नाही तो यादीतून काढा. भरवशाची पहिली चाळणी माझ्या मते हीच.

गाठीव

@दर्शिका +१०. आणि ३००० आरपीएमला अडचण मोटरचीच नाही. ३२ मिमी व्यास गुणिले ३००० म्हणजे ९६,०००. साध्या रिटर्न ट्यूबच्या बऱ्याच नटांची मर्यादा ७०,००० च्या आसपास असते. त्यापुढे गोळ्यांचा परतीचा मार्ग मार खातो, नट तापतो, प्रीलोड (नटातला ढिलेपणा काढणारा दाब) जातो. मग पोझिशन हलली म्हणून परत ड्राइव्हकडेच बोट.

@काटकोन, स्क्रू अजून घेतला नसेल तर २० मिमी पिचचा विचार करा. वेग १५०० आरपीएमवर येतो, नटाचा आकडा ४८,०००. टेबलाची आणलेली इनर्शिया चौपट, म्हणजे २०, एकूण २९, गुणोत्तर ४.९ ला १. पण कोनीय त्वरण निम्मं झाल्यामुळे पीक टॉर्क ६.७ च्या आसपासच राहतो, आरएमएस ३, आणि सगळं काम मोटरच्या रेटेड वेगाच्या आत.

लोलक

@दर्शिका, @गाठीव, दोघांचंही बरोबर. १० मिमीवर १ किलोवॅटचा २००० आरपीएमचा संच काठावर येतो. २० मिमी पिच घेतला तर माझा आक्षेप उरत नाही.

बिंदुमात्र

पिच दुप्पट केल्यावर अचूकता निम्मी होणार ना? मग १७ बिट पुरेल का?

सूक्ष्ममापी

@बिंदुमात्र, १७ बिट म्हणजे फेरीला १,३१,०७२ काउंट. २० मिमी पिचवर एक काउंट ०.१५ मायक्रॉन. २३ बिट म्हणजे ८३,८८,६०८, एक काउंट २.४ नॅनोमीटर. ५ मायक्रॉनसाठी दोन्ही पुरून उरतात.

जास्त बिटचा खरा फायदा वेगळा आहे. ड्राइव्ह वेग मोजतो तो काउंटच्या फरकावरून. काउंट जाड असले की हळू वेगात मोजलेला वेग पायऱ्यापायऱ्यांचा येतो, तो गेनने गुणला जातो आणि मोटर खरखरते. बारीक काउंटमुळे गेन जास्त चढवता येतो. जागेच्या अचूकतेशी त्याचा थेट संबंध नाही.

अचूकता खाते ती यांत्रिकी. आयएसओच्या ५ श्रेणीच्या स्क्रूमध्ये ३०० मिमीत २३ मायक्रॉनपर्यंत चूक मान्य आहे, ७ श्रेणीत ५२. ही चूक दर वेळी सारखीच येते, म्हणून कंट्रोलरच्या पिच एरर टेबलने बरीच भरून काढता येते. तापमानाची चूक मात्र दर तासाला बदलते. पोलादाचा १ मीटर स्क्रू ५ अंशांनी तापला की ६० मायक्रॉन लांबतो. मोटरच्या एनकोडरला हे दिसतच नाही, तो बिचारा फेऱ्याच मोजतोय. ५ मायक्रॉन सकाळ-संध्याकाळ हवे असतील तर टेबलावर लिनियर स्केल (टेबलाची जागा थेट मोजणारी पट्टी) आणि स्केलचं इनपुट असलेला ड्राइव्ह लागेल. हे इनपुट बऱ्याच मालिकांत साध्या मॉडेलला नसतं, आधी बघून घ्या.

तिरपी_रेघ

स्केल लावताना एक सावधगिरी. नटात किंवा कपलिंगमध्ये बॅकलॅश (ढिलेपणा) असेल तर स्केलवर लूप (मोजून दुरुस्त करण्याचं चक्र) बंद केल्यावर अक्ष एका जागी थरथरत राहतो: मोटर फिरते, टेबल हलत नाही, मग एकदम हलतं, मग उलट. गेन कमी करून हे झाकू नका. आधी प्रीलोडेड नट आणि बेअरिंग नीट करा. वेगाचा लूप मोटरच्या एनकोडरवर आणि जागेचा स्केलवर ठेवता येतो का, तेही तपासा.

नवाकोरा

प्रश्न कदाचित बाळबोध असेल. एवढं सगळं करण्यापेक्षा क्लोज्ड लूप स्टेपर (पावलापावलाने फिरणारी मोटर) का नको? त्याच्या मागेही एनकोडर असतोच.

परिघ

@नवाकोरा, प्रश्न रास्त आहे. स्टेपरचा टॉर्क कमी वेगात भरपूर असतो, पण वेग वाढला की झपाट्याने पडतो. १५०० आरपीएमला ६-७ न्यूटन मीटर त्याच्याकडून मिळत नाही. क्लोज्ड लूपमुळे पावलं चुकलेली कळतात आणि भरून निघतात, नसलेला टॉर्क काही येत नाही. ३०० ते ६०० आरपीएम, हलका भार, लहान खेप असेल तर स्टेपर खुशाल वापरा. या धाग्यातलं काम त्याचं नाही.

चौकट

कंट्रोलरकडून ड्राइव्हला कमांड पल्सने जाते की नेटवर्कने? यावर कोणी काही बोललं नाही.

पल्स असेल तर गणित सोपं आहे. एका पल्सला १ मायक्रॉन आणि वेग ३० मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५ लाख पल्स. ओपन कलेक्टर इनपुट बहुधा २०० किलोहर्ट्झपर्यंतच चालतं, म्हणजे १२ मीटर प्रति मिनिटालाच गाडी अडली. डिफरन्शियल लाइन ड्रायव्हर घ्यावाच लागेल, तोही पिळलेल्या जोड्यांच्या शील्ड केबलने. इलेक्ट्रॉनिक गिअर वाढवून पल्सची संख्या कमी करता येते, पण मग एका पल्सला २ किंवा ५ मायक्रॉन होतात आणि ५ मायक्रॉनची गोष्ट संपते.

पल्सचा सगळ्यात वाईट दोष हा, की गोंगाटाने दोन-चार पल्स जास्त पडले तर कुठलाच अलार्म येत नाही. ड्राइव्हने सगळे पल्स प्रामाणिकपणे पाळलेले असतात. अक्ष मात्र तासातासाने सरकत जातो. ओळखायचं असं: ड्राइव्हमधला कमांड पल्सचा काउंटर आणि कंट्रोलरने पाठवलेली संख्या शेजारी ठेवून शंभर खेपांनंतर बघा. आकडे जुळले नाहीत तर दोष केबलचा किंवा अर्थिंगचा. आकडे जुळले आणि तरी जागा सरकली तर कपलिंगचा स्क्रू सैल.

इथरकॅटमध्ये (कंट्रोलर आणि ड्राइव्ह जोडणारं नेटवर्क) ही भानगड नाही. ड्राइव्हची प्रत्यक्ष जागा (ऑब्जेक्ट ६०६४) प्रत्येक चक्रात कंट्रोलरला परत मिळते, डिस्ट्रिब्यूटेड क्लॉकमुळे सगळे अक्ष एकाच क्षणी कमांड उचलतात, अलार्मचा कोडही तारेवरूनच येतो. नवीन मशीन असेल तर मी पल्सकडे वळूनही बघणार नाही.

गाठीव

@चौकट, एकाच अक्षाच्या साध्या मशीनला पल्स वाईट नाही. बिघाड झाला तर मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोपवर सापडतो. इथरकॅटला ड्राइव्ह बदलताना ईएसआय फाइल (ड्राइव्हचं वर्णन असलेली), फर्मवेअरची आवृत्ती, ऑब्जेक्टची मॅपिंग सगळं जुळवावं लागतं. रात्रपाळीत स्पेअर बसवणाऱ्याकडे लॅपटॉप नसेल तर?

चौकट

तो मुद्दा खरा आहे. म्हणून इथरकॅट घेताना हे विचारावं: सुरुवातीचे पॅरामीटर मास्टर (म्हणजे कंट्रोलर) स्वतः ड्राइव्हमध्ये उतरवतो का? ती सोय चालू केली असेल तर नवा ड्राइव्ह लावून सप्लाय दिला की काम होतं. फर्मवेअर मात्र कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.

सूक्ष्ममापी

दोन अक्ष मिळून कंटूर काढायचा असेल त्यांच्यासाठी भर घालतो. नुसत्या पोझिशन गेनवर चालणाऱ्या लूपमध्ये अक्ष कमांडच्या मागे राहतो. ०.५ मीटर प्रति सेकंद वेग आणि गेन ४० प्रति सेकंद असेल तर १२.५ मिमी मागे! सरळ रेषेत दोन्ही अक्षांचा गेन सारखा असला की हे दिसत नाही. गेन वेगळे असले की वर्तुळ ४५ अंशात चेपतं. गेन सारखे असले तरी वर्तुळ लहान होतं: २५ मिमी त्रिज्या, ६ मीटर प्रति मिनिट, गेन ४० असेल तर त्रिज्येत सुमारे ०.१२ मिमी कमी. गेन दुप्पट केला की ही चूक चौथाईवर येते, आणि फीड फॉरवर्ड (चूक होण्याची वाट न बघता कमांडवरूनच आधी दिलेली भर) दिला की बहुतेक नाहीशी होते.

माहितीपत्रकावर '३ किलोहर्ट्झ रिस्पॉन्स' लिहिलेलं असतं. तो आकडा भार नसलेल्या किंवा अगदी हलका भार असलेल्या मोटरचा आणि वेगाच्या लूपचा असतो. स्क्रू आणि टेबल जोडल्यावर यांत्रिक रेझोनन्स त्याच्या खूप आधी आडवा येतो. आकड्यांच्या शर्यतीपेक्षा ड्राइव्हमध्ये किती नॉच फिल्टर (एक ठरावीक फ्रीक्वेन्सी दाबणारे) आहेत, फ्रीक्वेन्सीचं विश्लेषण सॉफ्टवेअरमध्येच करता येतं का, आणि ते सॉफ्टवेअर वेगळा परवाना न घेता मिळतं का, हे बघा.

बिंदुमात्र

ऑटो ट्यूनिंग असताना हाताने ट्यूनिंग कशाला?

तिरपी_रेघ

@बिंदुमात्र, ऑटो ट्यूनिंगने सुरुवात करा, पण जॉब टेबलावर ठेवून. रिकाम्या टेबलावर ट्यून केलं तर इनर्शियाचं गुणोत्तर चुकीचं बसतं. नंतर हाताने: पोझिशन गेन खाली ठेवून आधी वेगाच्या लूपचा गेन चढवायचा, गुणगुण ऐकू आली की विश्लेषण करून ती फ्रीक्वेन्सी शोधायची, तिथे अरुंद नॉच, मग आणखी थोडा गेन. मग गुणगुणीच्या मर्यादेपासून २०-३० टक्के मागे यायचं. पोझिशन गेन शेवटी. वेगाच्या लूपचा गेन ४० हर्ट्झ असेल तर २π गुणिले ४० भागिले ४, म्हणजे ६० प्रति सेकंदाच्या आसपास थांबा. त्यापुढे थांबताना अक्ष पुढे जाऊन मागे येतो. नॉच ढीगभर लावू नका. प्रत्येक नॉच फेज खातो आणि तेवढा गेन परत खाली आणावा लागतो.

दर्शिका

@काटकोन, ब्रेकिंग रेझिस्टर विसरू नका. १० मिमीच्या तुमच्या मूळ आकड्यांत रोटर धरून २० किलो-सेमी वर्ग ३००० आरपीएमला थांबवताना जवळपास १०० ज्यूल परत येतात, दर ०.८ सेकंदाला. २० मिमी पिचवर इनर्शिया ३५ होते पण वेग निम्मा, म्हणून सुमारे ४३ ज्यूल. पिच बदलण्याचा हा आणखी एक फायदा. घर्षण, वायंडिंगमधला तोटा आणि कपॅसिटर यांत काही जिरतात, उरलेल्याची सरासरी वॅटमध्ये काढून ड्राइव्हच्या आतल्या रेझिस्टरच्या सलग क्षमतेशी ताडून बघा. लहान ड्राइव्हमध्ये आत रेझिस्टर नसतोही. नसेल तर थांबताना डीसी बस (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) चढते आणि ओव्हरव्होल्टेजचा अलार्म येतो, नेमका पूर्ण वेगावरून थांबताना. बाहेरचा रेझिस्टर १०० अंशांच्या वर तापू शकतो, वायरिंगच्या डक्टखाली बसवू नका.

परिघ

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, तो बाजूलाच राहिलाय: भरवसा.

ड्राइव्ह मरतात ते बहुतेक उष्णतेने. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात. पॅनेल ५० अंशांवर चालतंय की ४० वर, याचा फरक कंपनीच्या नावापेक्षा मोठा. ड्राइव्ह उभाच बसवा, वर-खाली पुस्तिकेत सांगितलेली जागा सोडा, एकावर एक बसवून खालच्याची गरम हवा वरच्याला पाजू नका. पंखा बाहेरून बदलता येतो का ते बघा.

दुसरं कारण केबल. हलणाऱ्या चेनमध्ये साधी केबल घातली की एनकोडरची तार आतून तुटते आणि एनकोडर कम्युनिकेशनचा अलार्म अधूनमधून येत राहतो, ठरावीक जागीच. फ्लेक्स केबलच घ्या, वाकण्याची त्रिज्या पाळा. मोटर केबलच्या शील्डला पूर्ण गोलाकार क्लॅम्प हवा. शेपटीसारखी पिळून एका स्क्रूखाली दाबलेली शील्ड उच्च फ्रीक्वेन्सीला जवळजवळ नसल्यासारखीच. एनकोडर आणि पॉवर केबल वेगळ्या डक्टमध्ये.

तिसरं, ॲब्सोल्यूट एनकोडरची बॅटरी. ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय चालू ठेवून बदला. बंद असताना काढली की फेऱ्यांची मोजणी जाते आणि होमिंग (शून्य जागा शोधणं) परत. विनाबॅटरी एनकोडरच्या मालिका आता आहेत, जमलं तर त्याच घ्या.

आणि चौथं: मोटर आणि ड्राइव्ह यांच्यातला एनकोडरचा प्रोटोकॉल बहुतेक कंपन्यांचा स्वतःचा असतो. ड्राइव्ह गेला तर त्याच कुळातला लागतो. म्हणून मालिका चालू उत्पादनात आहे का, बंद झाल्यावर किती वर्षं दुरुस्ती देतात, हे लेखी घ्या. एक ड्राइव्ह, एक मोटर आणि दोन्ही केबल शेल्फवर ठेवता येत नसतील तर तो संच तुमच्यासाठी भरवशाचा नाही, मग नाव कितीही मोठं असो.

नवाकोरा

वाचनखूण साठवली. हाच अक्ष उभा असता तर काय बदललं असतं?

गाठीव

@नवाकोरा, बरंच. ब्रेक असलेली मोटर लागते, आणि तो ब्रेक धरून ठेवण्यासाठी असतो, चालता अक्ष थांबवण्यासाठी नाही. एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) दिला की मोटरचा टॉर्क जातो, भार तसाच खाली येतो. ब्रेक लागायला काही दशांश नाही तरी शतांश सेकंद लागतातच, तेवढा वेळ ड्राइव्हने टॉर्क धरून ठेवण्याची सेटिंग आधी लावायची. भार मोठा असेल तर काउंटरवेट किंवा वेगळा सुरक्षा ब्रेक. थांब्यातही टॉर्क लागतो, म्हणून आरएमएसचं गणित पूर्ण बदलतं.

काटकोन

सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रूची ऑर्डर अजून गेलेली नाही, त्यामुळे २० मिमी पिच, प्रीलोडेड नट, डिस्क कपलिंग आणि १ किलोवॅटचा २३ बिट संच असं ठरवतोय. ड्राइव्ह स्केल इनपुट असलेला, इथरकॅट. रेझिस्टर बाहेरचा. आता एकच राहिलं: बसवल्यावर ५ मायक्रॉन खरंच मिळतात हे कसं तपासायचं? ड्राइव्हच्या स्क्रीनवरची एरर शून्य दिसली म्हणजे झालं का?

सूक्ष्ममापी

@काटकोन, नाही. स्क्रीनवरची एरर ही ड्राइव्हने स्वतःच्याच एनकोडरशी केलेली तुलना आहे. मोजमाप टेबलावरून, जिथे काम होतं तिथून, लेझर इंटरफेरोमीटरने करायचं. आयएसओ २३०-२ प्रमाणे २ मीटरपर्यंतच्या अक्षाला मीटरमागे किमान ५ जागा, प्रत्येक जागेवर दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा. जागा पिचच्या नेमक्या पटीत घेऊ नका. ०, १००, २००, ३०० अशा घेतल्या तर फेरीच्या आत पुनःपुन्हा येणारी चूक लपते. त्याऐवजी १०३.७, २११.२ अशा विषम घ्या. आधी तासभर पूर्ण चक्र चालवून मशीन तापवा, एकदा थंडही मोजा, दोन्हींतला फरक स्केल काम करतंय की नाही ते सांगेल. लेझर नसेल तर एका जागी ०.१ मायक्रॉनचा इलेक्ट्रॉनिक प्रोब लावून पुनरावृत्ती तेवढी बघता येते.

लोलक

त्याच दिवशी पूर्ण चक्राचा टॉर्क, वेग आणि पोझिशन एरर यांचा ट्रेस ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमधून काढून पॅरामीटर फाइलसोबत साठवा. सहा महिन्यांनी एकसारख्या वेगातल्या धावेचा टॉर्क ०.८ वरून १.२ न्यूटन मीटरवर गेलेला दिसला, तर ट्यूनिंगला हात लावण्याआधी नटाचं वंगण बघा.